रकाना

जूनची पहिली सर कोसळली की लोणावळ्यात दोन ठिकाणी झुंबड उडते. एक भुशी धरणावर, दुसरी कॉलेजच्या प्रवेशखिडकीपुढे. या दुसऱ्या गर्दीसमोर, खिडकीच्या आतल्या बाजूला, माझी नोकरी सरली. दाखल्यांच्या झेरॉक्स तपासायच्या आणि प्रवर्गाचा कोड टाकायचा.

नाणे मावळातला धनगराचा पोरगा राज्याच्या अर्जात एनटी-सी. तोच केंद्राच्या संस्थेत गेला की ओबीसी, कारण तिथल्या यादीत भटक्यांना वेगळी जागाच नाही. त्याच्या बापाचं म्हणणं तिसरंच. जमातींच्या यादीत ‘धनगड’ छापलंय ना, ते आम्हीच! र आणि ड यांच्यात अडकलेली ही मागणी २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली.

ठाकरांचं आणखी न्यारं. यादीत ‘क ठाकूर’, ‘म ठाकूर’ अशी बाराखडीच आहे. शिवाय १९७६ पर्यंत पुणे जिल्ह्यातल्या पाचच तालुक्यांतले ठाकर अनुसूचित जमातीत धरले जात: आंबेगाव, जुन्नर, खेड, मावळ, मुळशी. मावळातला ठाकर आदिवासी, त्याचा हवेलीतला भाऊबंद नाही. जमात तालुक्याच्या शिवेवर संपायची!

आत घेताना असा कीस काढणारे आम्ही, मोजायला बसलो की एकदम सैल होतो. उच्च शिक्षणाच्या सर्वेक्षणाचा तक्ता दरवर्षी वर जायचा. त्यात अनुसूचित जमातीचा एकच आकडा: महादेव कोळी, ठाकर, कातकरी सगळे त्यात. महादेव कोळ्यांची मुलं आमच्याकडे बरीच यायची, पुढे शिक्षक-पोलीस व्हायची. कातकऱ्यांची बोटांवर मोजण्याइतकी. राज्यात आदिम म्हणून गणलेल्या जमाती तीनच, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. पण आमच्या तक्त्यात त्यांना नाव नव्हतं. सात टक्के जागा भरल्या की साहेब खूश.

न्यू जर्सीत वाढलेल्या भाचीने तिकडच्या विद्यापीठाच्या अर्जात ‘एशियन’वर खूण केली, तेव्हा मी तिची थट्टा केली होती. जपानी, फिलिपिनो आणि आमची ही, एकाच पंगतीत! फोन ठेवल्यावर आपलाच तक्ता आठवला आणि थट्टा जिरली.

एका वर्षी कातकरवाडीतली एक मुलगी आली. आई-बाप वीटभट्टीवरून नुकतेच परतलेले. जातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागितला होता. ‘‘आजा शाळंतच गेला न्हाई, तर कागद कुठून आणू?’’ बापाने विचारलं. मुदत संपत आली होती. दाखला नाही तर प्रवर्ग नाही, हा नियम मीच त्याला समजावून सांगितला. फी कशीबशी जमवून त्याने प्रवेश घेतला.

त्या वर्षीच्या तक्त्यात ती ‘खुला’ या रकान्यात गेली. आकडा माझ्याच अक्षरातला आहे.