गाडी पळेल, पण थांबेल का?

जुन्या गाडीचं इंजिन बदलायचं की नाही हा प्रश्न वरवर पाहता मेकॅनिकचा. पण आमच्या घरात तो गेली दोन वर्षं गाजतोय आणि त्यात मेकॅनिकचं मत सगळ्यात शेवटी विचारलं गेलं :)

गाडी म्हणजे 1978 सालची प्रीमियर पद्मिनी. मालक आमचे तात्या, म्हणजे माझे थोरले काका, मुक्काम वालूर, तालुका सेलू. गाडी मूळची पांढरी, आता सायीसारखी पिवळसर झालीय. पाहुणे आले की तात्या त्यांना हिच्यातूनच गावातली चक्राकार बारव दाखवायला न्यायचे. बारव घरापासून चालत पाच मिनिटांवर असली तरी!

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात रेडिएटरमधलं पाणी उकळलं आणि इंजिनाचा ब्लॉक तडकला. गाडी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये गेली. भंगारवाला भाव सांगून गेला. तेव्हा तात्यांचा नातू, म्हणजे माझा पुतण्या, पुण्याहून येऊन म्हणाला, "विकायची नाही. जिप्सीचं इंजिन टाकू."

त्याचा हिशोब चुकीचा नव्हता. पद्मिनी म्हणजे मूळची फियाट 1100. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनायची आणि 1974 पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं. इंजिन 1089 सीसीचं, ताकद सुमारे 40 अश्वशक्ती. जिप्सीचं नंतरचं इंजिन 1298 सीसीचं, ताकद 80 च्या आसपास. म्हणजे सरळ दुप्पट. शिवाय पद्मिनीची मागची चाकं फिरतात आणि इंजिन बॉनेटमध्ये लांबीच्या दिशेने बसतं. जिप्सीचंही तसंच बसतं. मारुतीच्या बाकीच्या बऱ्याच गाड्यांत ते आडवं असतं, ते इथे जमवणं अवघड.

घरात लगेच दोन तट पडले. आमचे वडील म्हणाले, मग ती पद्मिनी राहिलीच कुठे? नुसता सांगाडा जुना ठेवायचा आणि आत दुसऱ्याचं काळीज घालायचं!

मला हे काही पटत नव्हतं. असले उद्योग खुद्द कारखान्यांनीच केलेत. 1985 साली प्रीमियरने 118 एनई काढली, तिची बॉडी फियाटची आणि इंजिन जपानच्या निस्सानचं. 1992 मध्ये अ‍ॅम्बेसेडरमध्ये इसुझूचं 1800 सीसीचं इंजिन आलं. पद्मिनीलाही पुढे डिझेल इंजिन मिळालं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांनी तर पेट्रोल, डिझेल, सीएनजी असं सगळं चालवून ही गाडी रस्त्यावर ठेवली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली. इंजिनाला हात लावायचा नाही असं सोवळं पाळलं असतं तर यातल्या कितीतरी गाड्या फार आधीच भंगारात गेल्या असत्या.

तात्या सगळं ऐकत होते. सुपारी कातरता कातरता त्यांनी एकच विचारलं, "पळंल ते कळलं रे बाळा. पण थांबंल का?"

तिथे चर्चा जरा थांबली.

कारण खरी गोम तीच आहे. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. ते बनवले 40 अश्वशक्तीच्या हिशोबाने. वेग 60 वरून 90 वर नेला तर वेग दीडपट होतो, पण ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा सव्वादोन पट होते. ड्रम तापले की ब्रेकची पकड कमी होते. आणि गोष्ट ब्रेकवर संपत नाही. दुप्पट ताकद मागच्या चाकांपर्यंत पोचवणारा शाफ्ट, डिफरन्शियल, मागचे पाटे, स्टिअरिंग, ज्यावर इंजिन बसतं ते पत्रे, रेडिएटर... सगळ्यांवरचा भार वाढतो. आपण एक पार्ट बदलतो असं वाटतं, पण बाकीच्या प्रत्येक पार्टला आपण नवं काम लावलेलं असतं.

इंग्लंडच्या मिनीचं उदाहरण यात मला फार आवडतं. 1959 ची साधी मिनी 848 सीसीची, 34 अश्वशक्तीची. जॉन कूपरने तिच्यात दम पाहिला आणि 1961 मध्ये 997 सीसीची, 55 अश्वशक्तीची मिनी कूपर आली. पण त्याच गाडीला पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही आले. रेसिंगच्या गाड्या बनवणारा माणूस तो! त्याला वेगाचं वेड होतं म्हणूनच थांबण्याचं महत्त्व कळत होतं.

शिवाय कायदा आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीत असा बदल आरटीओला न विचारता करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मनमानी फेरफार चालणार नाहीत. आरसी बुकात इंजिन नंबर एक आणि बॉनेटखाली दुसरा, अशा गाडीचा उद्या अपघात झाला तर विम्याच्या दारात कुठल्या तोंडाने उभं राहायचं? 2021 च्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणीची सोय आहे, आमच्या गाडीला 2028 मध्ये पन्नास पूर्ण होतील. पण त्यासाठी गाडीच्या चॅसी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नकोत. आणि ती रोजच्या वापराला काढता येत नाही. तात्यांना तर ती सेलूच्या बाजारालाच न्यायचीय.

शेवटी पुतण्याने क्रम उलटा केला. आधी ब्रेक. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, लायनर, पाइप सगळं नवं. मग नवा रेडिएटर. इंजिनाचा शोध दोन्हीकडे चालू आहे. भंगारात निघालेल्या पद्मिनीचाच धड ब्लॉक मिळाला तर तो, नाहीतर रीतसर अर्ज करून जे मंजूर होईल ते. दुप्पट ताकदीचा हट्ट त्याने स्वतःहूनच सोडलाय. सेलूच्या बाजाराला जायला 80 अश्वशक्ती लागत नाही, हे त्याचंच वाक्य.

या सगळ्यात एक गोष्ट घडली, ती कुणी ठरवली नव्हती. शेत बटईने दिल्यापासून पोरगं वर्षातून एकदा, दिवाळीला तेवढं यायचं. आता दर पंधरा दिवसांनी येतं. दिवसभर शेडमध्ये तात्या खुर्चीवर आणि हा गाडीखाली. तात्या पाना देतात, तो वेगळाच पाना मागतो, त्यावरून वाद. मधेच दोघं शेताच्या बांधापर्यंत चक्कर मारून येतात.

सध्या गाडीत इंजिन नाही, ब्रेक मात्र एकदम नवे. मागच्या महिन्यात मी काकींना म्हटलं, फार वेळ लागतोय नाही का? त्या म्हणाल्या, "लागू दे की. गाडी काय, कवाबी हुईल."

असो. धड ब्लॉक मिळाला की कळवीनच.