दोघांचा तंबू

'सफर' हा शब्द मराठी माणसाला परका नाही. अरबी भाषेतून तो आपल्याकडे आला, तसाच समुद्रापलीकडच्या किनाऱ्यावर स्वाहिली भाषेत जाऊन 'सफारी' झाला. स्वाहिलीत सफारी म्हणजे कोणताही प्रवास. मग तो आजोळी जाण्याचा का असेना. सिंह, हत्ती आणि दुर्बिणी हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. २०२३ च्या ऑगस्ट महिन्यात आमचे थोरले बंधू व वहिनी यांच्यासमवेत केनिया आणि टांझानिया या देशांतून चौदा दिवस ट्रकने हिंडण्याचा योग आला, तेव्हा या शब्दाचा मूळ अर्थच अधिक खरा आहे, अशी आमची खात्री पटली.

ट्रक म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांपुढे महामार्गावरचा मालट्रक उभा राहील. तो तर्क अगदीच चुकीचा नाही. १९६०-७० च्या दशकांत लष्कराने मोडीत काढलेले बेडफर्ड ट्रक घेऊन युरोपातील तरुण सहारा ओलांडून नैरोबीपर्यंत, तेथून पुढे जोहान्सबर्गपर्यंत जात. १९९२ पासून अल्जीरियात यादवी माजली आणि ती वाट धोक्याची झाली. परंतु ट्रकने हिंडण्याची रीत पूर्व व दक्षिण आफ्रिकेत टिकून राहिली. आमच्या ट्रकला उंच बाके होती, बाकांखाली सामानाचे कप्पे होते आणि एका कुशीत फळी उघडली की स्वयंपाकघर तयार होई. प्रवासी अठरा. आमच्याबरोबर वाटाड्या, चालक आणि स्वयंपाकी असे तिघे केनियन होते. नोकरचाकर मात्र कोणी नव्हते. तंबू ठोकणे, भाजी चिरणे, भांडी घासणे, ट्रक झाडणे या कामांची पाळी लावलेला कागद दाराशी डकवलेला असे आणि त्यात कोणालाही सूट नव्हती, पाद्रीबाबांनाही नाही.

या सहलीमागचे कारण सांगणे प्राप्त आहे, आणि ते बंधू-वहिनींच्या संमतीनेच सांगत आहोत. बंधूंनी चौतीस वर्षे मुंबईत नोकरी केली. पहाटेची लोकल पकडायची, रात्री परतायचे. वसईतली वडिलोपार्जित वाडी वहिनींनी एकटीने राखली. केळी, भाजी, मोगरा, सारे त्यांच्या हातचे. दोघांनी एकत्र केलेला प्रवास म्हणजे एकदा वेलंकनी आणि एकदा जुने गोवे. निवृत्तीनंतर बंधू घरी बसले आणि लवकरच एक बिल्डर ओटीवर येऊन बसू लागला. मुलगी कॅनडात, मुलगा आखातात, दोघांच्याही परतण्याची चिन्हे नाहीत. तेव्हा वाडी विकावी, हे बंधूंचे म्हणणे. वहिनी एकदाच "नाही" म्हणाल्या. त्यानंतर सहा महिने त्या घरात भांडण झाले नाही. भांडणाहून अवघड अशी शांतता मात्र होती. बिल्डरचा कागद कपाटावर पडून राहिला. मुलीला हे दूरवरूनही कळले असावे. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून तिने ही सहल ठरवली आणि वर कळवले, "फादरनाही न्या." घरची माणसेही आम्हाला फादरच म्हणतात.

नैरोबीहून निघालो की थोड्याच वेळात भूमी एकाएकी तुटते आणि खाली भल्यामोठ्या खचदरीचा तळ दिसू लागतो. त्या उताराच्या पायथ्याशी, माई माहिऊ येथे, दुसऱ्या महायुद्धातील इटालियन युद्धकैद्यांनी १९४२ साली बांधलेले चिमुकले चर्च आहे. रस्ता खोदताना त्यांनीच ते उभारले. परक्या मुलखात, पहाऱ्याखाली, त्या माणसांना प्रार्थनेसाठी छप्पर हवेसे वाटले! आम्ही तिघे पाच मिनिटे तिथे गुडघ्यांवर टेकलो. बाहेर आल्यावर वहिनी एका बाजूने ट्रककडे गेल्या, बंधू दुसऱ्या बाजूने.

मसाई मारातील पहिली संध्याकाळ आम्हाला चांगली आठवते. तंबू जाड कापडाचा आणि दोघांचा. त्याचे खांब एकाने धरावे लागतात, तेव्हा दुसऱ्याला खुंट्या ठोकता येतात. एकट्याने तो उभा राहत नाही. बंधूंनी एकट्याने प्रयत्न केला, तंबू बसला. वहिनींनी एकट्याने केला, पुन्हा बसला. शेवटी वाटाड्याने हसत हसत एक खांब बंधूंच्या हाती दिला, हातोडा वहिनींच्या हाती दिला आणि तो निघून गेला. त्या रात्री तंबू वाकडा उभा राहिला, पण राहिला. आमचा तंबू एका निवृत्त जर्मन शिक्षकाबरोबर होता. तो आमच्याहून हुशार निघाला, त्यामुळे आमची अडचण झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मारा नदीकाठी विल्डबीस्टांचे कळप पाहिले. पावसामागून येणाऱ्या गवतासाठी हे प्राणी लाखोंच्या संख्येने सेरेंगेटी आणि मारा यांच्यामध्ये दरवर्षी फिरत असतात. वाटेत मगरींनी भरलेली नदी. कळप तीरावर येतो, थबकतो, मागे फिरतो, पुन्हा येतो. आम्ही दोन तास वाट पाहिली. मग एकाने उडी घेतली आणि साऱ्यांनीच घेतली. त्या गोंधळाचे वर्णन आमच्या लेखणीला झेपणारे नाही.

तथापि, दोन माणसांच्या दृष्टीने खरी नदी भांड्यांच्या घमेल्यात होती. पाळीच्या कागदावर बंधू व वहिनी यांची नावे एकत्र पडली होती. तीन घमेली ओळीने: पहिल्यात साबण, दुसऱ्यात जंतुनाशक, तिसऱ्यात स्वच्छ पाणी. ताटे फडक्याने पुसायची नाहीत, कारण फडक्यातूनच रोग पसरतात. दोन्ही हातांत ताटे धरून ती वाळेपर्यंत हवेत हलवायची. चाळीस वर्षांत बंधूंनी ताट धुतलेले वहिनींनी पाहिले नव्हते. सूर्यास्ताच्या उजेडात साठीचा तो गृहस्थ पंख फडफडवणाऱ्या बगळ्यासारखा उभा राहिलेला पाहून त्यांनी तोंडाला पदर लावला. स्वयंपाक्याशीही त्यांचे चांगले जमले. स्वाहिलीत चहा म्हणजे 'चाय', चपाती म्हणजे 'चपाती', गाडी म्हणजे 'गारी' आणि लाखाला 'लाकी'. एवढ्या भांडवलावर दोघांचा संवाद चाले.

टांझानियात शिरल्यावर मोठा ट्रक मागे ठेवून आम्ही जीपगाड्यांतून सेरेंगेटीत गेलो. सेरोनेराच्या तळाला कुंपण नाही. वाटाड्याने बजावले होते की, रात्री एकट्याने तंबूबाहेर पडू नये आणि आधी विजेरीने चहूकडे पाहावे. डोळे चमकले तर आत फिरावे. रात्री दोनच्या सुमारास शेजारच्या तंबूची साखळी उघडल्याचा आवाज आला. मग वहिनींचा दबका स्वर, "अहो, डोळे!" तरसच असावे. साखळी घाईने बंद झाली. आणि मग, वाचकहो, आम्ही वहिनींचे हसणे ऐकले, त्यापाठोपाठ बंधूंचेही. त्यानंतर पहाटेपर्यंत त्या तंबूतून कुजबुज येत राहिली. शब्द कळले नाहीत आणि कळावेत अशी इच्छाही आम्ही धरली नाही. पापनिवेदनाला बसणाऱ्या माणसाला जसे ऐकायला शिकावे लागते, तसेच न विचारायलाही.

परतताना ओल्डुवाई घळीजवळचे संग्रहालय पाहिले. तिथून दक्षिणेस लाएटोली येथे मेरी लीकी यांच्या चमूने १९७८ मध्ये उघड्या केलेल्या पाऊलखुणांचा ठसा तिथे ठेवला आहे. सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखीची राख पडली, तीवर पाऊस झाला आणि त्या ओल्या राखेतून दोन पायांवर चालणारे जीव गेले. एक पाऊलरांग मोठी, तिच्या शेजारी एक लहान. तिसऱ्या कोणीतरी मोठ्याच्या पावलांतच पाऊल टाकलेले दिसते. ते परस्परांचे कोण होते, हे शास्त्र सांगत नाही. वहिनी बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "तिसरे फादर असणार."

शेवटचा मुक्काम म्टो वा म्बू या गावी. नावाचा अर्थ 'डासांची नदी', पण गाव केळ्यांचे. खचदरीच्या भिंतीखाली पाटाच्या पाण्यावर पोसलेल्या बागा, त्यांत लाल सालीची केळीसुद्धा. तिथल्या शेतकऱ्याने बाग दाखवायला सुरुवात केली आणि बंधू एकाएकी बोलू लागले. मुनवे केव्हा काढता? घड उतरल्यावर खोडाचे काय करता? मग राजेळी केळी सोलून उन्हात सुकवायची आणि सुकेळी करायची, हे ते मोडक्या इंग्रजीत अठरा माणसांना समजावू लागले. लहानपणी वडिलांबरोबर केलेले काम त्यांच्या हातांना आठवत होते.

"नि रोज परतायची, ते कोण सांगणार?" वहिनी मागून म्हणाल्या.

शेतकऱ्याने विचारले, "तुमच्या बागेत काम कोण करते?" बंधू क्षणभर थांबले. त्यांनी वहिनींकडे बोट दाखवले आणि म्हणाले, "ती." शेतकऱ्याने पुढे विचारले, "आणि तुमच्यानंतर?" त्याला दोघांनीही उत्तर दिले नाही.

वाडीचा प्रश्न सुटला, असे आम्ही लिहिणार नाही. ते खरे होणार नाही. मुले परदेशी आहेत, मजूर मिळत नाही, विहिरींचे पाणी मचूळ होत चालले आहे, आणि वसईतील किती घरांत असा कागद कपाटावर पडून आहे, हे आमच्या वाचकांना आम्ही सांगायला नको. मात्र बंधू हल्ली सकाळी वाडीत असतात, आणि कागदाविषयी ती दोघे परस्परांशी बोलतात, कधी चढ्या आवाजातही. विवाहपूर्व शिबिरात आम्ही तरुण जोडप्यांना त्याग, क्षमा, निष्ठा यांविषयी सांगत आलो आहोत आणि पुढेही सांगू. त्यात आता एक साधी सूचना जोडली आहे: चार हातांवाचून होत नाही, असे एखादे काम घरात राखून ठेवा. त्यासाठी आफ्रिकेला जावे लागत नाही. वाडीतील पाटाचे पाणी वळवायला एकाने फावडे धरावे लागते आणि दुसऱ्याने टोकाशी उभे राहून पाणी पोहोचले का, ते ओरडून सांगावे लागते.