दारातला ज्वालामुखी

आमचा भाचा कंपनीच्या कामासाठी कोरियाला गेला आणि येताना तिथले जेजू बेट पाहून आला. आला तो तडक विरारला, आमच्याकडे. चहा पुढ्यात यायच्या आत त्याने फोनवरची छायाचित्रे काढली. समुद्रातून वर आलेला, सुमारे पाच हजार वर्षांचा कढईसारखा डोंगर. लाव्हा वाहून गेल्यावर मागे उरलेले सात किलोमीटरांहून लांब भुयार. दोन्ही २००७ पासून जागतिक वारशाच्या यादीत!

"मामा, एका दिवसात सगळं पाहिलं. आपल्याकडे असलं काही नाही."

माझा विरारकराचा अभिमान दुखावला. म्हटले, "उद्या पहाटे उठ. तुला ज्वालामुखी दाखवतो."

उजाडता उजाडता आम्ही जीवदानीचा डोंगर चढू लागलो. तेराशेहून अधिक पायऱ्या! भाचा पुढे, मी मागे; प्रत्येक वळणावर 'देखावा बघ' असे सांगत मी दम खात होतो. देवीचे दर्शन घेऊन कठड्याशी उभे राहिलो. पश्चिमेला अर्नाळ्याचा समुद्र, पूर्वेला तुंगारेश्वरची रांग.

"विवर कुठाय?" त्याने विचारले.

"विवर नाहीच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहत राहिला. थरावर थर. आज झिजून उरलाय तोच पाच लाख चौरस किलोमीटर! एक अख्खं जेजू त्याच्या कोपऱ्यात हरवेल."

या खडकाला शास्त्रज्ञ 'ट्रॅप' म्हणतात. शब्द मूळचा स्वीडिश, अर्थ पायरी. सह्याद्रीच्या थरांची उतरंड पाहिली की तो पटतो. आम्ही पायऱ्यांवरून पायऱ्याच चढलो होतो म्हणायचे.

दुपारी शिरसाडमार्गे वज्रेश्वरी गाठली. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला आणि १७३९ साली किल्ला हाती आल्यावर मंदिर बांधून तो फेडला, असे सांगतात. जवळच अकलोलीला, तानसा नदीकाठी, गरम पाण्याची कुंडे आहेत. पाय सोडताच भाचा ओरडला, "मामा, म्हणजे हा अजून जिवंत आहे!"

कबूल करावे लागले की नाही. पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते, पोटातल्या उष्णतेने तापते आणि वर येते. ज्वालामुखी केव्हाच निजला. पण माझे गुडघे मात्र त्या पाण्याने जागे झाले.

परतताना रस्त्याकडेला एक डोंगर दिसला. डोंगर कसला, अर्धा! उरलेला अर्धा सुरीने कापल्यासारखा उभा. त्याचे थर एकावर एक स्वच्छ दिसत होते. मी उत्साहाने हात करणार, तोच समोरून खडीचे ट्रक आले, एकामागून एक.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "जेजूच्या किनाऱ्यावरून मी लिंबाएवढा एक दगड उचलला होता. विमानतळावर काढून घेतला. तिथला दगड बेटाबाहेर न्यायला कायद्याने बंदी आहे."

मी काही बोललो नाही. १९९२ साली घर बांधताना खडीवाल्याशी ब्रासमागे दहा रुपयांसाठी घासाघीस केलेली मला आठवत होती. खडी कुठल्या डोंगराची, हे विचारायचे सुचलेही नव्हते. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे तेच झाले. लाव्हाच्या उभ्या खांबांचा तो सुळका आज एकटा आहे. भोवतालचा दगड मुंबईच्या कामी आला.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. भाचा ओट्यावर बसला आणि हाताने फरशी चाचपत म्हणाला, "मामा, आता तुंगारेश्वर राहिलं. पुढच्या दिवाळीला जाऊ."

"जाऊ की. ते अभयारण्य आहे, कुठं जात नाही," मी म्हटले. आणि घराच्या भिंतीकडे पाहात मनातल्या मनात हिशेब करू लागलो, आपल्या वाट्याला त्या ज्वालामुखीचे किती ब्रास आले होते ते.