शहाणपण बोलण्यात की वागण्यात?

वाचकहो, प्राचीन रोमच्या थोरांची सुवचने कानी आली की आम्ही एकच गोष्ट विचारतो. हे सांगणारा स्वतः वागला कसा? गोड बोलणारे साहेब आम्ही कामावर पुष्कळ पाहिले. ज्याच्या हाताखाली माणसे राबतात, त्याची परीक्षा त्या माणसांकडूनच होते!

सेनेका हा रोमचा अतिश्रीमंत तत्त्वज्ञ, सम्राट नीरोचा गुरू आणि सल्लागार. लुसिलियस या मित्राला लिहिलेली त्याची 124 पत्रे आजही वाचायला मिळतात. 47व्या पत्रात तो सांगतो की गुलामही माणसेच आहेत, त्यांच्या पंगतीला बसण्यात लाज नाही आणि माणसाची पारख कामावरून नव्हे, शीलावरून करावी. विचार लाखमोलाचा!

पण त्याआधी, इ.स. 61 मध्ये, काय घडले? रोमचा नगरप्रमुख पेडानियस सेकुंडस याचा त्याच्याच एका गुलामाने खून केला. जुन्या रिवाजाप्रमाणे त्याच्या घरातले सुमारे 400 गुलाम, बायामुलांसह, ठार करायचे ठरले. रोमची सामान्य जनता दगड आणि मशाली घेऊन रस्त्यावर आली. सिनेट बधली नाही. नीरोने वाटेच्या दुतर्फा सैनिक उभे केले आणि त्या निरपराधांचा जीव घेतला. सेनेका तेव्हा नीरोचा सल्लागार होता. त्याने विरोध केल्याची एक ओळही इतिहासकार टॅसिटसच्या वृत्तांतात नाही.

हे ऐकून आमची मुलगी म्हणाली, "बाबा, मग ते पत्र फाडूनच टाकायचे का?" आम्ही म्हणालो, नाही. चांगला विचार हे माप आहे. त्या मापाने आधी सांगणाऱ्याला मोजावे, मग स्वतःला.

आता दुसरा माणूस पाहा. एपिक्टेटस. पायाने अधू आणि स्वतः गुलाम. सुटका झाल्यावर तो शिक्षक झाला आणि पुढे ग्रीसमधील निकोपोलिस येथे त्याने शाळा चालवली. स्वतः त्याने काहीच लिहिले नाही. एरियन या शिष्याने त्याची शिकवण टिपून ठेवली. काय आपल्या हाती आहे आणि काय नाही, हे ओळखा, असे तो सांगे. परिस्थिती हाती नसेल, पण आपले वागणे आपलेच! तो साधेपणाने राहिला. म्हातारपणी एका मित्राचे टाकून दिले जाणारे मूल त्याने वाढवले. पुढे सम्राट मार्कस ऑरेलियसनेही त्याची वचने वाचली.

मात्र मन मोकळे झाले म्हणून पायातली बेडी गळून पडत नाही, हेही आम्ही विसरत नाही. म्हणून मशाली घेऊन रस्त्यावर आलेले ते रोमकर आम्हांला मोठे वाटतात. त्यांची नावे टॅसिटसने नोंदवली नाहीत. त्यांना यशही आले नाही. पण दुसऱ्याच्या लेकराबाळांसाठी ते सैनिकांसमोर उभे राहिले. शील म्हणतात ते हेच!