नेपल्समध्यें भेटलेलें माहेर

परदेशच्या प्रवासांतील शेवटच्या दिवसाची वांटणी हें घराच्या वांटणीइतकेंच नाजूक काम आहे. इटलींतील आमचे दहा दिवस सरत आले आणि नेपल्स शहरांत एकच दिवस हातीं उरला, तेव्हां आम्हां उभयतांत असाच वाद उपस्थित झाला. आमचें मत काप्री बेटाकडे. सौभाग्यवतींचें मत शहरांतील पुराणवस्तुसंग्रहालयाकडे. आदल्याच दिवशीं पाँपेईचे दगडी रस्ते तुडवून पाय इतके दुखत होते कीं, संग्रहालयाचें नांव निघतांच आम्हीं कपाळाला हात लावला. त्यावर सौ. शांतपणें म्हणाल्या, "बेट कांहीं बुडत नाहीं. येथें माझ्या माहेरचें माणूस आहे. तिला न भेटतां परत गेलें, तर गांवीं काय सांगूं?"

येथें थोडा खुलासा करणें प्राप्त आहे. वाशी म्हटलें कीं बहुतेकांना मुंबईच्या खाडीपलीकडील वाशी आठवते. आमची वाशी धाराशिव जिल्ह्यांतील, बालाघाटच्या पठारावरची. तेथून येरमाळा व येडशी मागें टाकून पुढें गेलें कीं, तेरणा नदीच्या कांठीं तेर लागतें. तें सौ.चें माहेर. वारकरी त्याला गोरोबाकाकांचें तेर म्हणून ओळखतात. परंतु गोरोबाकाकांच्याहि सुमारें बाराशें वर्षें आधीं हें गांव तगर या नांवानें समुद्रापलीकडे प्रसिद्ध होतें. पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' नांवाच्या ग्रीक ग्रंथांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हें मोठें शहर असल्याचा उल्लेख आहे. तेथील जाडेंभरडें कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून बिकट वाटांनीं भडोचच्या बंदरास जात असे. तें तगर म्हणजे हेंच तेर, असें फ्लीट या विद्वानानें १९०१ मध्यें सप्रमाण दाखविलें.

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनीं जमविलेल्या प्राचीन वस्तूंचें पुढें शासकीय संग्रहालय झालें. त्या संग्रहांत एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति आहे. आणि तिची बहीण शोभावी अशी दुसरी नेपल्सला आहे, हें सौ.नीं आपल्या भावाकडून फार पूर्वीं ऐकून ठेवलें होतें. काप्रीची बोट अर्थातच आमच्यावांचून सुटली.

फार्नेसे संग्रहांतील प्रचंड हर्क्युलीसचें दर्शन घेऊन आम्ही एका आडबाजूच्या दालनाशीं आलों. प्राचीनांच्या ज्या वस्तु सभ्य दृष्टीस संकोच आणतील, त्या एकोणिसाव्या शतकांत राजाज्ञेनें कुलुपांत घालण्यांत आल्या होत्या. तें हें 'गुप्त दालन' सर्वांस खुलें झालें २००० मध्यें. आम्ही दाराशींच घुटमळलों. सौ. मात्र सासुरवाशीण माहेरच्या उंबऱ्यावरून जाते तशा सरळ आंत गेल्या.

कांचेच्या पलीकडे ती उभी होती. उंची वीतभराहून थोडी अधिक. अंगावर वस्त्रापेक्षां अलंकारच फार. गळ्यांत माळा, हातांत कोपरापर्यंत बांगड्या, पायांत एकावर एक चढविलेलीं कडीं, आणि दोहों बाजूंस शृंगाराचें साहित्य घेतलेल्या दोन चिमुकल्या दासी. १९३८ मध्यें मायुरी यांच्या उत्खननांत पाँपेईच्या एका घरांत ती सांपडली. व्हेसुव्हियसच्या राखेनें तें शहर इ. स. ७९ मध्यें गाडलें. म्हणजे त्यापूर्वींच ती तेथें नांदत होती. प्रथम तिला लक्ष्मी म्हणत; पुढें कित्येकांनीं यक्षी ठरविलें. तिच्या माथ्यांत भोंक आहे. त्यावरून ती आरशाची मूठ किंवा एखाद्या लहानशा चौरंगाचा पाय असावी, असे तर्क झाले. तळाशीं खरोष्ठी अक्षर कोरलेलें आहे. तिच्या जन्मस्थानाविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. कोणी भोकरदनकडे बोट दाखवितात, तर कोणी वायव्येकडे.

सौ.ना मात्र तिळमात्र शंका नव्हती. बऱ्याच वेळानें त्या म्हणाल्या, "इतक्या लांब दिली, पण अंगावरचा एक डाग कमी झालेला नाहीं." आणि लगेच, मूर्तीवरची नजर न काढतां, "माझ्या डबींतले मणी असेच होते हो, हिच्या गळ्यांतल्यासारखे."

ती डबी! तेरच्या पांढरीवर पावसाळ्यांत माती वाहून गेली कीं, जुने मणी उघडे पडत. लहानपणीं सौ.नीं ते वेंचून एका पितळी डबींत ठेवले होते. लग्नानंतर ती डबी वाशीला आली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीचा भूकंप झाला. उमरगें व लोहारें या भागांतील गांवेंच्या गांवें ढिगारे होऊन पडलीं. त्या मानानें वाशी सुदैवी. आमच्या घरास केवळ तडे गेले. तरीहि डोक्यावरच्या माळवदाच्या मातीची धास्ती बसली, आणि आम्हीं तें उतरवून पत्रे घातले. त्या गडबडींत डबी नाहींशी झाली. सौ.नीं कित्येक दिवस शोधली. "ढिगाऱ्यांत गेली असेल," असें आम्हीं सांगितलें. वास्तविक ती आम्हींच, म्हणजे एकट्या प्रस्तुत लेखकानें, कोनाड्यांतली अडगळ समजून मातीच्या पाटीबरोबर परसांतल्या उकिरड्यावर रिती केली होती. माणसें मेलीं असतां मण्यांचें काय, असें तेव्हां मनास समजाविलें. आणि मग खरें सांगण्याची वेळ कधीं आलीच नाहीं.

ती वेळ नेपल्समध्यें आली. दोन हजार वर्षांपूर्वींची एक बाहुली परक्यांनीं राखेंतून अलगद काढून कांचेंत जपली होती, आणि आपल्या घरांतले त्याच काळचे मणी आपण स्वहस्तें उकिरड्यांत घातले, हा विचार कांहीं केल्या गिळवेना. आम्हीं तेथेंच सर्व सांगून टाकलें. सौ.नीं मान वळविली नाहीं. एवढेंच म्हणाल्या, "डबी मला त्याच आठवड्यांत परसांत सांपडली होती. रिकामी. तुम्ही कधीं सांगतां, याची वाट पाहत होतें."

तीस वर्षांहून अधिक काळ!

संध्याकाळीं आम्ही समुद्रकांठच्या कठड्यावर बसलों. समोर व्हेसुव्हियस निमूट उभा होता. बोलायला फारसें कांहीं उरलें नव्हतें. शेवटीं आम्हींच विचारलें, परत गेल्यावर परस खणून पाहावें काय? सौ. हंसल्या. "राहूं द्या तिथेंच. आणखी दोन हजार वर्षांनीं कोणी शहाणा वाशीची पांढरी उकरील, आणि तेरचे मणी पाहून लिहील कीं, या दोन गांवांत मोठा व्यापार चालत असे. त्याला काय कळणार, एका मुलीनें ते माहेराहून आणले होते म्हणून!"

त्या बाहुलीलाहि विद्वान व्यापाराचाच माल समजतात. तसें असेलहि. परंतु त्या दिवसापासून आम्हांस मात्र तेवढ्यावर विश्वास ठेवणें जड जातें.

दुसऱ्या दिवशीं विमानांत बसतांना सौ.नीं पुढच्या प्रवासाचा बेत जाहीर केला: पहिला पाऊस पडून गेला कीं, सुना-नातवंडांसह तेर. यंदा गाडी कोठें जाणार याविषयीं आमच्या घरीं वाद झालेला नाहीं.