सासूबाईंचा पाय



आपल्या पूर्व विदर्भात हत्तीपाय नवा नाही. क्युलेक्स डास चावतो, त्यातून आलेले जंत लसिकावाहिन्यांत घर करतात आणि काही वर्षांनी पाय सुजत जातो. पारशिवनीत आमच्या सासूबाई तो साडीच्या काठाखाली लपवायच्या. "असा पाय कोणाले दाखवू वं?"

गोळ्या जंतांवर चालतात, जुनी सूज उतरवत नाहीत. तिला रोजची सेवा लागते. गाळलेलं साधं पाणी, साबण, हलका हात. मग बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करायच्या. ओल राहिली की बुरशी, बुरशीतून भेग, भेगेतून थंडीताप. बसताना, झोपताना पाय उंच. दाबपट्टी सकाळी उठण्याआधी, पावलाकडून वर, खाली घट्ट, वर सैल. बोटं निळी पडली किंवा बधिर झाली तर लगेच सोडायची. मात्र बांधणं आधी डॉक्टरांकडून शिकून घ्या. ताप किंवा जखम असताना नकोच.

पाय पहिल्यासारखा झाला नाही, होणारही नाही. पण वारंवार येणारा ताप थांबला. आता रामटेकला शांतिनाथांच्या दर्शनाला त्या स्वतः निघतात.

वैयावृत्त्य फक्त मुनींचंच असतं असं थोडंच आहे?