नवे ते जुने करताना

दिवाळीच्या आधी अख्खे दर्यापूर जुन्याचे नवे करण्यात गुंतलेले असते. भिंतींना चुना, दारांना रंग, पितळेला चिंच. मी गेल्या हिवाळ्यात नेमके उलटे काम केले. एक कोरी करकरीत वस्तू घेतली आणि दोन महिने बसून ती जुनी केली. घरच्यांचे म्हणणे असे की इतक्या महागाच्या खेळण्याला माती फासायला माणूस रिटायरच व्हावा लागतो. असो.

वस्तू म्हणजे आगगाडीची वाफेवरची क्रेन. अर्थात मॉडेल. रूळ सोडून पडलेले इंजिन किंवा डबे उचलून परत रुळावर ठेवणारी असते ना, ती. परदेशातल्या भाच्याने नातवासाठी पाठवली होती. सोबत तीन डबे. एक जिबखालचा. क्रेनचा लांब हात, म्हणजे जिब, प्रवासात आडवा करून या डब्यावर टेकवतात, कारण तो क्रेनच्या पुढे बराच बाहेर येतो. दुसरा डबा अवजारांचा आणि तिसरा लाकडी ठोकळ्यांचा. क्रेन उचलायला लागली की तिच्या दोन्ही बाजूंनी आडवे पाय बाहेर काढतात आणि त्यांच्याखाली ठोकळे रचतात. नाहीतर वजन उचलता उचलता क्रेनच कलंडायची.

मॉडेल १:८७ या प्रमाणातले आहे. या प्रमाणाला एच.ओ. म्हणतात. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे, तिथल्या गाड्या याच मापाच्या. पुण्याला गेलात तर मुलांना जरूर दाखवा. मुलांचे निमित्त करून स्वतः बघा, असेही म्हणतो.

आता थोडे गणित. माझा गणिताचा विषय नव्हता, तरी सुटका नाही. आपल्या मोठ्या लाईनीच्या दोन रुळांतले अंतर १६७६ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागले की १९.२६ येतात. पण बाजारात मिळणारा एच.ओ.चा रूळ १६.५ मिलिमीटरचा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ च्या गेजवरून केलेला. म्हणजे माझी क्रेन खऱ्या हिशेबाने २४ सेंटिमीटर अरुंद रस्त्यावर उभी आहे. हे मी तसेच राहू दिले. मात्र आपल्या शकुंतलेचा हिशेब बघा. तिचा गेज अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. भागिले ८७, उत्तर ८.७६. आणि बाजारात ९ मिलिमीटरचा रूळ तयार मिळतो! फरक खऱ्या मापात दोन सेंटिमीटर. त्यामुळे शकुंतला माझ्या फळीवर अगदी बरोबर बसली.

दर्यापूर-बनोसाच्या माणसाला शकुंतला सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. मूर्तिजापूरहून एक छोटी लाईन आमच्याकडून अचलपूरला जायची, सुमारे ७६ किलोमीटर, आणि दुसरी यवतमाळला. वऱ्हाडचा कापूस मोठ्या लाईनीपर्यंत आणण्यासाठी ती इंग्रजांच्या काळात खाजगी कंपनीने घातली. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन तिने सत्तर वर्षे वापरले. १५ एप्रिल १९९४ ला ते काढून डिझेल जोडले. आता गाडीच बंद आहे.

म्हणून मी मूर्तिजापूरचे यार्ड करायचे ठरवले. तिथे दोन्ही मापांचे रूळ शेजारी-शेजारी आले होते. छोट्या गाडीच्या डब्यातून रुईच्या गाठी उतरवायच्या आणि हमालांनी मोठ्या गाडीत चढवायच्या. एक गाठ साधारण १७० किलोची. एका बाजूला उभी क्रेन, दुसऱ्या बाजूला शकुंतलेचे दोन मालडबे. हे दोन डबे मी पुठ्ठ्याचे केले.

मग आले जुने करण्याचे काम.

पहिला नियम मी स्वतःपुरता असा केला की कारण नसलेला एकही डाग लावायचा नाही. वर्गात पोरांना सांगायचो, उत्तर लिहिले की खाली 'कारण' लिहा. इथेही तेच. हा डाग इथे का? पाणी वरून खाली वाहते, म्हणून गंजाचा ओघळ बोल्टपासून सुरू होऊन खालीच जाणार. चाकाचा जो भाग रुळावर फिरतो तो चकचकीत राहणार आणि बाहेरची बाजू तपकिरी होणार, कारण ब्रेकचे लोखंडी ठोकळे घासून त्यांची भुकटी सगळ्या खालच्या अंगावर उडते. ॲक्सलच्या पेटीपाशी वंगण झिरपते, तिथे धूळ चिकटून काळा लेप बसतो. चिमणीच्या तोंडाशी काजळी. बॉयलरचा जोड जिथे गळत असेल तिथे पांढरा ओघळ, कारण पाण्याची वाफ उडून जाते आणि क्षार मागे राहतात.

क्षारांचे आम्हाला कोणी शिकवायला नको. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. लोखंडी बादलीचे बूड किती वर्षे टिकते ते इथल्या बाईला विचारा. मॉडेलवाल्यांची एक मिठाची युक्ती आहे. आधी गंजाचा रंग द्यायचा, तो वाळला की थोडे ओले करून मिठाचे खडे चिकटवायचे, त्यावर वरचा रंग मारायचा आणि वाळल्यावर मीठ झाडून टाकायचे. जिथे मीठ होते तिथे वरचा रंग निघून खालचा गंज दिसतो. मला गंमत वाटली. खऱ्या लोखंडाला मीठ जे करते तेच खोट्या लोखंडालाही करते.

सामान सगळे घरचे. गंजासाठी गेरू. गेरू म्हणजे लोहाचे ऑक्साइडच, आणि गंजही त्याच जातीचा. तेव्हा याला रंग देणे म्हणावे की नुसते परत करणे, कोण जाणे. काजळीसाठी दिव्यावर वाटी धरून पाडलेली काजळी. क्षारांसाठी खडूची पूड. आयुष्यभर जो खडू कपड्यांवरून झटकला तो आता चिमटीने मोजून लावतो आहे. रंग पाण्यात अगदी पातळ करायचा, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकायचा म्हणजे तो गोळा न होता फटीफटीत शिरतो, आणि वरचा भाग कापडाने टिपून घ्यायचा. शेवटी मॅट वार्निशचा हात, नाहीतर भुकटी बोटाला लागते.

धुळीसाठी शेतातली काळी माती आणली. इथेही ८७ चा हिशेब येतो. मातीतला एक दशांश मिलिमीटरचा कण या मापात जवळजवळ नऊ मिलिमीटरचा खडा होतो! डब्यावर धुळीऐवजी गिट्टी पडल्यासारखी दिसेल. म्हणून माती खलात कुटून वस्त्रगाळ केली, आयुर्वेदातल्या चूर्णासारखी. शकुंतलेच्या डब्यांना एक खास वऱ्हाडी गोष्ट लावली. दाराच्या फटीत आणि खिळ्यांच्या डोक्यांना अडकलेले रुईचे तंतू. चिमट्याने एकेक. कापसाची गाडी तंतूंशिवाय कशी असेल?

क्रेन मात्र मी रंगवायला घेतली नाही. आधी माणसाला विचारायचे ठरवले. आमचे भाटवे, म्हणजे मोठ्या बहिणीचे यजमान, भुसावळकडे ब्रेकडाऊनच्या गाडीवर होते. आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत, मूर्तिजापूरला असतात. कानाने कमी ऐकतात, पण नजर शाबूत. खोक्यात कापूस भरून क्रेन घेतली आणि नातवाला घेऊन एस.टी.ने गेलो.

भाऊजींनी ती हातात घेतली. बराच वेळ जिबवरून अंगठा फिरवत राहिले. मी विचारले, "भाऊजी, हुकाला गंज कुठे कुठे लावू?"

"गंज?" ते म्हणाले. "मास्तर, हुकाले गंज कायले लावता? हुक अन् दोर कधी गंजू देत नोहो आमी. भोंगा वाजला का निघा लागे. तवा का घासत बसान?"

मग त्यांनी सांगितले. क्रेन वर्षातले बहुतेक दिवस उभीच असायची. पण उभी म्हणजे पडलेली नव्हे. वायर रोपला ग्रीस, पुल्यांना तेल, साखळ्यांची तपासणी, ठोकळे मोजून जागेवर. रात्री-बेरात्री भोंगा झाला की जेवणावरून उठून पळायचे. माझी बहीण आतून म्हणाली, "ताट झाकून ठेवाची मी. कधी दुसऱ्या दिवशी येत, कधी चौथ्या."

नातवाने तेवढ्यात आपला बेत सांगितला. त्याला फळीवर एक अपघात करायचा होता. दोन डबे आडवे पडलेले, क्रेन एक उचलते आहे, भोवती माणसे. अशी मॉडेल त्याने मोबाईलवर पाहिली होती. मलाही त्यात काही वावगे वाटले नव्हते. क्रेनचे कामच ते.

मी भाऊजींच्या कानाशी तोंड नेऊन बेत सांगितला. ते लगेच बोलले नाहीत. हुक दोन बोटांत धरून म्हणाले, "काम झालं का सगळ्यात आधी हे धूत होतो आमी. हुक, साखळ्या, ठोकळे. पान्यानं. मंग भाकर." आणि थोड्या वेळाने, "डब्याखाली काय काय निंगे, ते पोराले नोका सांगू."

घरात कोणी काही बोलले नाही. बहिणीला हे साठ वर्षांच्या संसारात ठाऊक असावे की नसावे, तिच्या चेहऱ्यावरून कळले नाही.

नातू कॉलेजात आहे, लहान नाही. त्याने ऐकले होते. पण त्याचाही प्रश्न खरा होता. तो म्हणाला, "मग आजोबा, नुसती उभी क्रेन कोण बघेल? उभी आहे तर ती काय कामाची?"

मी तो प्रश्न भाऊजींना मोठ्याने विचारला. ते हसले. "उभी हाय तवरक सारं बरं हाय, बावा. आमी देवाले हेच मागो, आज उभी राहू दे."

परत आल्यावर मी क्रेन रंगवली. आता कारणे माझ्याजवळ होती. छताला ऊन खाऊन फिकटलेला रंग. चालकाच्या हाताने पकडून पकडून घासलेला दांडा, तिथे लोखंडाची चमक. बॉयलरला पांढरे ओघळ. पायांखालच्या पट्ट्यांना माती. ठोकळ्यांच्या कडा चेचलेल्या, कारण त्यांनी वजन सोसलेले. आणि दोर? खोक्यातला दोरा तंतूतंतू सुटलेला होता, तो मेणावरून ओढून गुळगुळीत केला आणि काळा केला. बाकी सगळ्यावर मॅट वार्निश, फक्त पुल्या आणि दोरावर चमकीचे, कारण ग्रीस ओले दिसते. हुक सगळ्यात स्वच्छ. बघणाऱ्याला वाटेल म्हाताऱ्याचा एवढा भाग रंगवायचा राहून गेला.

नातवाचे पूर्ण समाधान झालेले नाही. त्याचे म्हणणे, दाखवायचेच नसेल तर लोकांना कळणार कसे? भाऊजींसारखी माणसे काय करत होती हे विसरून जाईल. या म्हणण्यात तथ्य आहे आणि मी ते खोडून काढू शकलो नाही. शाळेत इतिहास शिकवताना हीच अडचण यायची. लढाया सांगितल्या की पोरे जागी होत आणि शांततेच्या चाळीस वर्षांच्या पानावर जांभया देत. पण ज्या माणसाने ते काम हाताने केले, त्याच्या डोळ्यांसमोर मला ते खेळण्यात मांडायचे नाही. तो असेपर्यंत तरी नाही. पुढे फळी नातवाची होईल. त्याने ठरवावे.

या दोन महिन्यांत एक गोष्ट मात्र मनात बसली. वस्तू जुनी होते ती दोन रीतींनी. एक, कोणी हात लावत नाही म्हणून. तिला सगळीकडून सारखाच गंज चढतो. दुसरी, कोणी रोज हात लावतो म्हणून. ती कुठे झिजते, कुठे चकाकते, आणि कुठे काय झिजले यावरून तिने काय केले ते वाचता येते. शकुंतलेचे रूळ पहिल्या रीतीने जुने होत आहेत. रोज चाके फिरायची तेव्हा त्यांचा माथा आरशासारखा असायचा. आता गवतात शोधावे लागतात आणि माथ्यालाही गंज आहे. म्हणून माझ्या फळीवरच्या छोट्या रुळांचा माथा मी बारीक पॉलिश पेपरने घासून चकचकीत ठेवला आहे. बाजूंना गेरू, वर चमक. म्हणजे बघणाऱ्याला समजावे की आत्ताच गाडी गेली आहे, किंवा यायची आहे.

फळी बैठकीत ठेवली आहे. भाऊजींना गुडघ्यांमुळे येणे जमत नाही, म्हणून फोटो काढून पाठवले. बहिणीचा फोन आला. त्यांनी भिंग घेऊन पाहिले म्हणे, आणि एवढेच विचारले की ठोकळ्यांच्या डब्याची कडी उघडी का ठेवली, रस्त्यात दार उघडेल ना. दुसऱ्या दिवशी तांब्याच्या तारेची कडी करून लावली.

नातेवाईकांपैकी कोणाकडे मूर्तिजापूर यार्डाचा किंवा बनोसा स्टेशनचा जुना फोटो असेल तर मला दाखवा. हमालांची बाजू अजून रिकामी आहे. १७० किलोची गाठ माणूस पाठीवर नेमकी कशी धरत असे, ते पाहिल्याशिवाय मला ती माणसे करायची नाहीत.